वाचकांचे प्रश्न : कासवाच्या पोटावरून समुद्रातलं प्लास्टिक कसं कळतं?

मागच्या अंकात याच पानावर मी चार ओळींचं टिपण लिहिलं होतं, की समुद्री कासवांच्या पोटात किती आणि कसलं प्लास्टिक सापडतं यावरून आता शास्त्रज्ञ त्या समुद्रातल्या प्रदूषणाचा अंदाज बांधतात. एवढंच होतं त्यात. पण त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, म्हणून कोणाचंच छापत नाही. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. माझा प्रश्न असा की समुद्रातलं प्लास्टिक मोजायचंच आहे तर बोटीमागे जाळी बांधून पाणी गाळून मोजता येतं की, त्यासाठी कासवच का? आणि कासवच का, मासे किंवा पक्षी का नाहीत?

उत्तर : बाई, पाणी गाळून मोजतातच, ते बंद झालेलं नाही. पण जाळी ओढली की तुम्हाला कळतं त्या दिवशी, त्या तासाला, त्या पट्ट्यात वरवर काय तरंगत होतं ते. वारा जोरात असेल तर हलकं प्लास्टिक खाली ढवळलं जातं आणि जाळीत कमी येतं, दुसऱ्या दिवशी वारा पडला की तिथेच जास्त सापडतं. शिवाय त्यातून एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे यातलं किती प्लास्टिक प्राण्यांच्या अंगात जातंय. आपल्याला खरी काळजी त्याचीच आहे ना.

पक्ष्यांचं म्हणाल तर ही कल्पना मुळात पक्ष्यांपासूनच आली. उत्तर युरोपातल्या नॉर्थ सी भागात फुल्मार नावाचा समुद्रपक्षी आहे, तो पाण्याच्या पृष्ठभागावरचं मिळेल ते खातो. किनाऱ्यावर मरून पडलेले फुल्मार गोळा करून त्यांच्या पोटातलं प्लास्टिक वजन करायची पद्धत तिथे वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्या देशांनी मिळून एक उद्दिष्टच ठरवलंय की ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक असलेले पक्षी १०% च्या वर असता कामा नयेत. किती साधं आणि स्पष्ट आहे बघा, उगाच 'समुद्र स्वच्छ करू' वगैरे मोघम काही नाही, एक वजन आणि एक टक्केवारी, पास की नापास लगेच कळतं.

पण फुल्मार थंड समुद्रातला पक्षी, भूमध्य समुद्रासाठी तो चालत नाही. युरोपियन युनियनने २००८ साली समुद्राच्या पर्यावरणासाठी जो कायदा केला त्यात समुद्री कचरा हा वेगळा मुद्दा आहे, आणि भूमध्य समुद्रात प्राण्यांच्या पोटात जाणारा कचरा मोजायचा तर कोणता प्राणी घ्यायचा याचा विचार करताना लॉगरहेड कासव पुढे आलं. हे मोठ्या डोक्याचं, मजबूत जबड्याचं कासव आहे, तळावरचे खेकडे-शिंपले फोडून खातं आणि वर तरंगणारं जेलीफिशही खातं. म्हणजे एकच प्राणी पाण्याच्या वरच्या थरातलंही सांगतो आणि तळाचंही. शिवाय जगात खूप ठिकाणी सापडतं, वयात यायलाच वीस-तीस वर्षं घेतं, लांबलांब फिरतं, आणि मेलं की बऱ्याचदा किनाऱ्याला लागतं, त्यामुळे अभ्यासासाठी एकही कासव मारावं लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जे मेलेलंच आहे त्याच्याकडून शिकायचं.

मासेही वापरतात, पण बहुतेक माशांचं आयुष्य लहान, पोट लहान, त्यात बारीक कण मिळतात, पिशवीचे तुकडे, दोरे, झाकणं असा मोठा ऐवज नाही मिळत. कासवाच्या आतड्यात हे सगळं मिळतं आणि बऱ्याचदा ते मूळ काय होतं हेही ओळखता येतं.

प्रश्न : कासवाला एवढं कळत नाही का की हे प्लास्टिक आहे? सगळीकडे वाचतो की पिशवीला जेलीफिश समजतं म्हणून खातं. हे खरं आहे की नुसतंच सांगतात?

उत्तर : खरं आहे पण अर्धंच. लेदरबॅक नावाचं सगळ्यात मोठं कासव जवळपास जेलीफिशवरच जगतं, आणि पाण्यात तरंगणारी पारदर्शक पिशवी खालून बघितली तर माणसालाही फसवेल. पण मग कडक प्लास्टिकचे तुकडे, बाटलीची बुचं, दोरीचे धागे हे कासवं का खातात? ते तर जेलीफिशसारखं अजिबात दिसत नाही.

यावर २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला तो मला फार आवडतो. पाळून वाढवलेल्या १५ लॉगरहेड कासवांना एकेक करून टाकीत सोडलं आणि पाण्यावरच्या हवेत नळीने वेगवेगळे वास सोडले. नुसत्या पाण्याचा, कोऱ्या प्लास्टिकचा, खाद्याचा, आणि समुद्रात काही काळ ठेवून शेवाळ-जिवाणू चढलेल्या प्लास्टिकचा. कोऱ्या प्लास्टिकच्या वासाला कासवांनी पाण्याच्या वासाएवढीच किंमत दिली. पण शेवाळलेल्या प्लास्टिकचा वास आला की नाक पाण्याबाहेर काढून ती वास घेत राहिली, अगदी खाण्याचा वास आल्यावर करतात तसंच. म्हणजे प्लास्टिक समुद्रात जितकं मुरतं तितका त्याला अन्नाचा वास लागतो. कासव मूर्ख नाहीये हो, त्याचं नाक बरोबरच काम करतंय, लाखो वर्षं त्या वासाचा अर्थ 'इथे खायला आहे' असाच होता आणि तो अर्थ आपण बदलला.

रंग आणि आकारही बघतात ती. सायप्रसच्या किनाऱ्यांवर सापडलेल्या हिरव्या कासवांचा एक अभ्यास २०१९ चा आहे. हिरवं कासव मोठं झाल्यावर मुख्यतः समुद्री गवत खातं. तर ज्यांची सगळी अन्ननलिका आणि आतडी तपासता आली अशा प्रत्येक कासवात प्लास्टिक सापडलं, कमीत कमी ३ तुकडे आणि एकात तर १८३. आणि त्यात हिरव्या, काळ्या, पारदर्शक रंगाचं, पातळ पट्ट्यांसारखं प्लास्टिक जास्त होतं, म्हणजे गवताच्या पात्यासारखं दिसणारं.

आणि एकदा तोंडात गेलं की परत येत नाही. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काट्यांसारखे टोकदार उंचवटे असतात, खाताना पोटात गेलेलं खारं पाणी बाहेर टाकताना अन्न निसटू नये म्हणून. जेलीफिशसारखं बुळबुळीत खाद्य धरून ठेवायला ही रचना एकदम उत्तम. पण त्याच रचनेमुळे पिशवीचा तुकडा थुंकून टाकता येत नाही, तो खालीच जाणार.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे प्रत्यक्ष मोजतात कसं? म्हणजे पोट उघडायचं आणि तुकडे मोजायचे एवढंच?

उत्तर : तेवढंच वाटतं पण नाही. मी एकदा अशा पोस्टमॉर्टेमच्या वेळी शेजारी उभी होते, टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे क्रम पक्का लक्षात आहे.

आधी बाहेरून सगळं बघतात. कोणती जात, पाठीची लांबी (पाठ गोलसर असते म्हणून कापडी टेपने पाठीच्या वळणावरून मोजतात), जखमा आहेत का, गळ अडकलाय का, दोरीच्या खुणा आहेत का, आणि शरीर किती ताजं आहे, कारण फार कुजलं असेल तर आतडी फुटलेली असतात आणि मग आतलं काही हरवलं की नाही हे सांगता येत नाही. मग पोटाकडचं कवच काढायचं. तोंडापासून शेवटापर्यंतची सगळी नळी बाहेर काढून तिचे तीन भाग दोऱ्याने बांधून वेगळे करायचे, अन्ननलिका, जठर, आतडी, म्हणजे एकातलं दुसऱ्यात मिसळत नाही. प्रत्येक भाग उघडून आतलं सगळं १ मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर धुवायचं. हे धुणं तासन् तास चालतं आणि वासाबद्दल मी काही लिहीत नाही.

चाळणीवर जे राहतं ते वेगळं करायचं, कारखान्यातले कच्चे प्लास्टिक दाणे एका बाजूला, पिशवी-फिल्मसारखं पातळ प्लास्टिक एका बाजूला, दोरे-धागे, फोम, कडक तुकडे, आणि ज्यात कुठेच बसत नाही ते शेवटी. अन्नाचे अवशेषही वेगळे ठेवायचे. मग सुकवायचं आणि प्रत्येक प्रकाराचं वजन आणि संख्या दोन्ही लिहायची. दोन्ही का, तर एक पिशवी आत जाऊन तिचे वीस तुकडे झाले तर संख्या वीस दिसते पण पिशवी एकच होती, आणि उलट एका जड झाकणाचं वजन शंभर धाग्यांपेक्षा जास्त भरतं. म्हणून नुसती संख्या किंवा नुसतं वजन सांगणाऱ्या बातमीवर लगेच विश्वास ठेवू नये.

हे सगळीकडे एकाच पद्धतीने व्हायला पाहिजे, नाहीतर एका देशाने ५ मिलिमीटरच्या चाळणीने गाळलं आणि दुसऱ्याने १ च्या, तर तुलना काय करणार? २०१७ साली युरोपात इंडिसिट नावाचा प्रकल्प सुरू झाला तो बराचसा याच कामासाठी, की सगळ्यांनी एकच पद्धत, एकच फॉर्म वापरायचा. हे काम कोणाला भारी वाटत नाही, याचे फोटो व्हायरल होत नाहीत, पण माझ्या मते कासवाला निर्देशक, म्हणजे ज्याच्यावरून समुद्राची स्थिती कळते असा प्राणी, म्हणता येतं ते या फॉर्ममुळे, नाहीतर ती नुसती एक वाईट बातमी असते.

आणि हो, जिवंत कासवांवरूनही कळतं. उपचार केंद्रात आणलेली कासवं वेगळ्या टाकीत ठेवून त्यांची विष्ठा गाळतात. काही वेळा आठवडेच्या आठवडे त्यातून प्लास्टिक येत राहतं.

प्रश्न : एखाद्या किनाऱ्यावर मेलेल्या कासवाच्या पोटात भरपूर प्लास्टिक सापडलं तर तो किनारा घाण आहे असं समजायचं ना? बातम्यांमध्ये तसंच म्हणतात.

उत्तर : नाही, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं.

२०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८५ पासून २०१२ पर्यंतचे जगभरातले ३७ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात असं दिसलं की न्यूयॉर्कसारख्या अफाट लोकवस्तीजवळ सापडलेल्या कासवांमध्ये प्लास्टिक फारसं नव्हतं, आणि दक्षिण ब्राझीलच्या विरळ वस्तीच्या किनाऱ्याजवळ सापडलेल्या सगळ्याच्या सगळ्या कासवांमध्ये होतं. वस्ती आणि पोटातलं प्लास्टिक यांचा सरळ संबंध लागत नाही. कारण कासव जिथे सापडलं तिथे ते जेवलेलं नसतं. ते शेकडो, कधी हजारो किलोमीटर फिरलेलं असतं, आणि खाल्लेलं बाहेर पडायला दिवस-आठवडे लागतात. पोटातलं प्लास्टिक हे त्याच्या मागच्या प्रवासाचं असतं.

पिल्लांचं तर अजून वेगळं. वाळूतून बाहेर पडलेलं पिल्लू सरळ खोल समुद्राकडे जातं आणि काही वर्षं प्रवाहांबरोबर वाहत राहतं, तरंगणाऱ्या शेवाळाच्या पुंजक्यांत लपतं, तिथेच खातं. आता प्रवाह जिथे शेवाळ गोळा करतात तिथेच प्लास्टिकही गोळा करतात, पाण्याला दोन्ही सारखंच. म्हणजे ज्या जागा पिल्लासाठी सगळ्यात सुरक्षित होत्या त्याच आता कचऱ्याच्या पट्ट्या झाल्यात. आर्ची कार या अमेरिकन कासवतज्ज्ञाने १९८७ सालीच याबद्दल लिहून ठेवलंय, तेव्हा मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे अगदी बारीक कण) हा शब्दही फारसं कोणी वापरत नव्हतं.

२०२१ चा एक अभ्यास इथे नीट समजून घेण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे पूर्वेला पॅसिफिक आणि पश्चिमेला हिंदी महासागर, किनाऱ्याला लागलेली किंवा मासेमारीच्या जाळ्यात चुकून सापडलेली लहान कासवं तपासली. पॅसिफिक बाजूला लॉगरहेडपैकी ८६%, हिरव्या कासवांपैकी ८३% आणि फ्लॅटबॅक म्हणजे चपट्या पाठीच्या कासवांपैकी ८०% मध्ये प्लास्टिक. हिंदी महासागराच्या बाजूला तेच आकडे २१%, ९% आणि २८%. देश एकच, जाती त्याच, वयही साधारण तेच, फक्त समुद्र वेगळा. प्लास्टिकचा प्रकारही वेगळा निघाला, पॅसिफिककडे बहुतेक कडक तुकडे आणि दुसरीकडे बहुतेक धागे, म्हणजे दोरी-जाळ्यांचे असावेत असे. किनारा घाण की स्वच्छ हे त्यातून कळत नाही पण एका अख्ख्या महासागराच्या प्रवाहात काय फिरतंय ते कळतं. कासवाची साक्ष मोठ्या इलाख्याची असते, गल्लीची नाही.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. किनाऱ्याला लागलेलं कासव बऱ्याचदा आधीच आजारी असतं, आजारी कासवाला बुडी मारता येत नाही, मग ते वरवर तरंगत वरचंच काहीबाही खातं. त्यामुळे अशा कासवांत प्लास्टिक जास्त दिसू शकतं आणि आपल्याला वाटतं सगळीच अशी असणार. जाळ्यात अडकून बुडालेली कासवं मरेपर्यंत धडधाकट असतात, म्हणून दोन्ही प्रकारची कासवं वेगवेगळी मोजावी लागतात, एकाच यादीत घातली की गोंधळ.

प्रश्न : पोटात प्लास्टिक सापडलं म्हणजे त्यानेच मेलं असं म्हणता येतं का? किती तुकडे खाल्ले की मरतं?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. पुष्कळ कासवांच्या पोटात प्लास्टिक असतं आणि ती मरतात बोटीच्या धडकेने किंवा जाळ्यात गुदमरून.

दुसऱ्याला आता थोडंफार उत्तर आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या लोकांनी २०१८ साली जवळपास हजार मेलेल्या कासवांच्या नोंदी घेतल्या आणि नक्की प्लास्टिकने मेलेली, नक्की दुसऱ्या कारणाने मेलेली आणि कारण माहीत नसलेली असे गट करून हिशेब मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की पोटात १४ तुकडे असतील तर प्लास्टिकमुळे मरण्याची शक्यता ५०%. आणि एकच तुकडा असला तरी २२%. हा एक तुकड्याचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ डोक्यातून गेला नाही. कारण तुकडा आतड्याला कुठे अडकतो, कुठे टोचतो यावर सगळं आहे, एक कडक टोकदार तुकडा आतडं फाडायला पुरतो आणि पातळ पिशवीचा बोळा ते बंद करायला.

लगेच मरत नाहीत ती पण सुखात नसतात. पोट प्लास्टिकने भरलं की भूक लागत नाही, खाल्लं जात नाही, वाढ खुंटते. आतड्यात वायू साठला की कासव तरंगायला लागतं, खाली जाताच येत नाही, मग खायला मिळत नाही आणि बोटी धडकतात. अशा वेळी मृत्यूच्या दाखल्यावर 'बोटीची धडक' लिहिलं जाणार, प्लास्टिक नाही. म्हणून मला वाटतं नोंदी करताना मृत्यूचं कारण आणि पोटातलं प्लास्टिक या दोन गोष्टी स्वतंत्र लिहायला हव्यात, एकीवरून दुसरी ठरवू नये.

लहान पिल्लांचं प्रमाण विचारात घ्या. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या गम्बो लिम्बो नेचर सेंटरने एका मेलेल्या पिल्लाचा फोटो टाकला होता, पिल्लू तळहातावर मावेल एवढं आणि शेजारी मांडलेले त्याच्या पोटातले १०४ तुकडे.

प्रश्न : मायक्रोप्लास्टिकही सापडतं का कासवांत?

उत्तर : २०१८ च्या शेवटी इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी अटलांटिक, भूमध्य आणि पॅसिफिक मिळून १०२ कासवं तपासली, सातही जातींची. सगळ्या १०२ मध्ये कृत्रिम कण सापडले, एकूण आठशेच्या वर, आणि तेही आतड्यातला फक्त थोडासा भाग तपासून. अख्खं आतडं तपासलं असतं तर अंदाजे वीसपट निघाले असते असं त्यांचंच म्हणणं. बहुतेक धागे होते, कपडे, टायर, दोऱ्या-जाळी यांतून येऊ शकतात तसले.

पण इथे सांभाळून बोलायला पाहिजे. एवढे बारीक कण कासवाला काय करतात हे मोठ्या तुकड्यांइतकं स्पष्ट नाही, बरेचसे शरीराबाहेर निघूनही जातात. आणि मोजतानाही घोळ होऊ शकतो, कारण तसेच धागे लॅबच्या हवेत, संशोधकाच्या स्वेटरवरही असतात. म्हणून तिथे सुती कोट घालतात आणि टेबलावर एक रिकामी बशी उघडी ठेवतात, त्या बशीत जे पडेल ते हवेतलं म्हणून आकड्यातून वजा करायचं. ज्या अभ्यासात अशी बशी ठेवलेली नाही तो मी तरी बाजूला ठेवते.

प्रश्न : माझे आजोबा म्हणतात पूर्वी असं काही नव्हतं. खरंच कधीपासून सुरू झालं हे?

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे आणि याचा पुरावाही आहे. लेदरबॅक कासवांच्या १८८५ ते २००७ या काळातल्या ४०८ शवविच्छेदनांच्या नोंदी एका कॅनेडियन शास्त्रज्ञाच्या गटाने २००९ साली शोधून काढल्या. सव्वाशे वर्षांच्या नोंदी! त्यात प्लास्टिकची पहिली नोंद १९६८ सालची आहे. त्या सालापासून पुढच्या कासवांचा हिशेब केला तर ३७% मध्ये प्लास्टिक.

माझ्या दृष्टीने कासव निर्देशक असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. त्या जुन्या लोकांना प्लास्टिक शोधायचंच नव्हतं, ते पोटात काय आहे ते इमानदारीने लिहीत होते आणि त्यांच्या वह्यांत प्लास्टिकचा शब्द कधी आला यावरून आपल्याला तारीख कळली. आणि २०१४ च्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं त्यात हिरव्या कासवाने प्लास्टिक गिळलेलं असण्याची शक्यता १९८५ मध्ये साधारण ३०% होती ती २०१२ पर्यंत जवळपास ५०% वर गेलेली दिसते.

प्रश्न : स्ट्रॉ बंद केल्या की कासवं वाचतील का?

उत्तर : २०१५ साली कोस्टा रिकाजवळ एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या नाकपुडीतून संशोधकांनी स्ट्रॉ ओढून काढली, तो व्हिडिओ जगभर गेला आणि स्ट्रॉविरुद्ध मोहीम उभी राहिली. त्या व्हिडिओने लोकांना जाग आणली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण पोटातल्या नोंदी बघितल्या तर सगळ्यात जास्त काय येतं, पिशव्या-पॅकिंगचं पातळ प्लास्टिक, दोऱ्या-जाळ्यांचे धागे आणि कडक तुकडे. त्यात स्ट्रॉ फार क्वचित. नोंदी ठेवायच्या त्या याचसाठी, आपला राग कुठे खर्च करायचा ते कळतं. टाकून दिलेल्या जाळ्यांनी तर कासवं गिळल्याशिवायही मरतात, नुसती अडकून, आणि ती पोटाच्या हिशेबात येतच नाहीत.

प्रश्न : किनाऱ्यावर कासव दिसलं तर आम्ही काय करायचं? आणि मला असंही विचारायचंय की उघडलेल्या कासवाच्या पोटात काहीच सापडलं नाही तर ती मेहनत फुकट गेली ना?

उत्तर : जिवंत असेल तर परत समुद्रात ढकलू नका, हा पहिला मोह सगळ्यांना होतो. दमलेलं, आजारी कासव पाण्यात ढकललं की बुडतं. सावली करा, गर्दी हटवा, कुत्री लांब ठेवा आणि वन खात्याला किंवा वन्यजीव बचाव गटाला फोन करा. तोंडातून किंवा मागून दोरी लोंबताना दिसली तर चुकूनही ओढू नका, दुसरं टोक आतड्यात गुंतलेलं असू शकतं आणि ओढल्यावर आतडं दोऱ्यावर गोळा होऊन कापलं जातं. मेलेलं असेल तर हात लावू नका, लगेच पुरूही नका, जागा, तारीख, वेळ लिहा, बाजूला काहीतरी मापाची वस्तू ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढा आणि कळवा. वाळूत पुरलेल्या कासवाची नोंद कोणाकडेच राहत नाही.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या प्रश्नातला हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला. मघाशी ज्या पोस्टमॉर्टेमबद्दल लिहिलं ना, त्या कासवाच्या पोटात काहीच सापडलं नाही. खेकड्याचे तुकडे होते, शिंपल्यांचा चुरा होता, थोडं शेवाळ. आम्ही साडेचार तास चाळणी धुतली. शेवटी मी पेन बंद करायला लागले तर तिथल्या बाईंनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, लिही, प्रत्येक रकान्यात लिही. मग मी कच्चे दाणे ०, फिल्म ०, धागे ०, फोम ०, तुकडे ०, इतर ० असं सहा वेळा शून्य लिहिलं आणि खाली पाठीची लांबी आणि तारीख. वर जे सगळे टक्के दिलेत, ८६, २१, ९, ३७, ते असे शून्यवाले कागद कोणीतरी न कंटाळता भरले म्हणूनच काढता आले. बाकी राहिलेला कागद रिकामा सोडला असता तर पुढे कोणालाच कळलं नसतं की तिथे प्लास्टिक नव्हतं की कोणी बघितलंच नव्हतं.

(शाळांमधून आलेले प्रश्न जागेअभावी राहिले, ते पुढच्या अंकात घेते.)